टेबलाटेबलावर, घोळक्यात की बैठकीत? क्लोज-अप जादूचं काम घेण्याआधी

एका लग्नाच्या जेवणात मी पहिल्यांदा टेबलांवर जादू करायला उभा राहिलो, तेव्हा सगळा क्रम विलायती व्हिडिओ बघून बसवलेला होता. स्पंजचा चेंडू पाहुण्याच्या मुठीत द्यायचा, मूठ उघडली की दोन निघायचे. एका काकांसमोर चेंडू धरला तर त्यांनी हात वर करून दाखवला, बोटं वरणभाताने माखलेली. डावा हात पुढे करायला त्यांना संकोच वाटत होता. टेबलावरच्या बाकी सातही जणांचा उजवा हात ताटात होता. परदेशात टेबलावरच्या जादूचं सगळं तंत्र काट्या-चमच्याने जेवणाऱ्या माणसाला धरून तयार झालंय. आपल्याकडे उष्ट्या हातापासून विचार सुरू करावा लागतो, आणि काम कोणत्या प्रकारात घ्यायचं हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

क्लोज-अप, म्हणजे प्रेक्षकांच्या अगदी जवळ उभं राहून केलेल्या जादूत ज्यांचा हात तयार आहे, घरच्या-मित्रांच्या मैफली झाल्या आहेत आणि आता पैसे घेऊन पहिलं काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यजमान फोनवर नुसतं "जादू पाहिजे" म्हणतात, पण त्यात तीन वेगळी कामं दडलेली असतात. एक, पाहुणे टेबलाभोवती बसलेत आणि तुम्ही एकेका टेबलापाशी जाता. दोन, पाहुणे उभे आहेत आणि तुम्ही घोळक्याघोळक्यात फिरता. तीन, पंचवीस-तीस माणसं एका खोलीत तुमच्यासमोर बसतात आणि तुम्ही अर्धा-पाऊण तास सलग प्रयोग करता. हॉलिवूडमधल्या मॅजिक कॅसलमध्ये, १९६३ साली सुरू झालेल्या जादूगारांच्या त्या क्लबात, हातावरची जादू, दिवाणखान्यातली जादू आणि रंगमंचावरची जादू यांच्यासाठी वेगवेगळी दालनं आहेत. आपल्या यजमानाला मात्र हा फरक माहीत नसतो. मराठी माणसाच्या मनातला जादूगार रंगमंचावर असतो. पुण्याच्या रघुवीरांच्या तीन पिढ्यांनी नाट्यगृहं भरवली, त्याची ती पुण्याई. म्हणून तिन्हींतला फरक समजावून सांगणं हे तुमचंच काम.

टेबलाटेबलावर

सगळ्यात आधी गणित मांडा. एका टेबलाला सहा-सात मिनिटं लागतात: ओळख, तीन प्रयोग, निरोप. पुढच्या टेबलापर्यंत जाताना खिशातली जुळवणी करायला एखादं मिनिट. म्हणजे दोन तासांत पंधरा-सोळा टेबलं, तीही कुणी थांबवून "परत दाखवा" म्हणालं नाही तर. पाच फुटी गोल टेबलाला आठ माणसं बसतात, सहा फुटीला दहा. सव्वाशे-दीडशे पाहुण्यांपर्यंत एकटा जादूगार पुरतो. त्यावर यजमानाला स्पष्ट सांगायचं की दुसरा जादूगार घ्या किंवा काही टेबलं राहतील. मी एकदा हे सांगितलं नाही आणि राहिलेल्या टेबलांवर नेमके नवऱ्या मुलाचे मामा होते. त्यांची नाराजी रास्तच होती.

हा प्रकार बसून वाढल्या जाणाऱ्या जेवणातच जमतो. कंपनीचं वार्षिक स्नेहभोजन, हॉटेलातला पुरस्कार समारंभ, क्लबातली मेजवानी. तिथे सूप आणि मुख्य जेवण यांच्यामध्ये वाट बघण्याची वेळ असते, हात कोरडे असतात आणि माणसं इकडेतिकडे बघत असतात. ती वेळ कोणती, हे यजमानाला माहीत नसतं. हॉलच्या कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या मुख्याला, माहीत असतं. म्हणून मी पोचल्यावर आधी कॅप्टनला भेटतो, कोणत्या बाजूने वाढायला सुरुवात होणार ते विचारतो आणि त्याच्या उलट्या टोकाने माझी फेरी सुरू करतो. गरम ताटली घेऊन मागे उभ्या राहिलेल्या वाढप्याला जादूसाठी थांबवू नये. त्याचं काम तुमच्याइतकंच अवघड आहे आणि त्याचे हात भाजत असतात.

पंगतीत, केळीच्या पानावर जेवण चालू असताना, हे काम घेऊच नका. मधे जायला जागा नसते, माणसं एका रांगेत असल्याने कुणीच कुणाचा चेहरा बघू शकत नाही, आणि वाढपी दर अर्ध्या मिनिटाला येतो. जादूची निम्मी मजा समोरच्याचा चेहरा बघण्यात असते.

टेबलाचा फायदा मात्र फार मोठा आहे. माणसं जागची हलत नाहीत. सलग सहा मिनिटं तीच आठ माणसं तुमच्यासमोर असली की प्रयोगाला प्रयोग जोडता येतो, पहिल्या चमत्काराचा धागा तिसऱ्यात उचलता येतो. शिकागोत मॅट शूलीन आपल्या घरच्या हॉटेलात गिऱ्हाइकांच्या टेबलांवर पत्त्यांचे प्रयोग करायचे. अख्खा कॅट भिंतीवर फेकायचा आणि निवडलेलं पान तेवढं भिंतीला चिकटून राहायचं, ही त्यांची खासियत. लोक जेवायला यायचे आणि शूलीन आपल्या टेबलापाशी कधी येतात याची वाट बघायचे. सारखं हलणाऱ्या घोळक्यात तशी ओढ तयार व्हायला वेळच मिळत नाही.

अडचणी सांगतो. टेबलावर पेले, बाटल्या, मध्यभागी फुलांची मोठी मांडणी असते, त्यामुळे टेबल असूनही टेबलाचा पृष्ठभाग मिळत नाही. पत्ते पसरायला गेलात तर ते चटणीत जातील. म्हणून टेबलावरच्या कामातही शेवटी पाहुण्याच्या तळहातावर किंवा तुमच्याच हातात होणारे प्रयोग निवडावे लागतात. पट्टीचे नाणेवाले अमेरिकन अर्धा डॉलर वापरतात, त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर. आपलं दहाचं आणि वीसचं नाणं २७ मिलिमीटर, त्यामुळे व्हिडिओत बघून बसवलेली पकड त्यावर सैल पडते. मी ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया वापरतो. माप जवळजवळ अर्ध्या डॉलरइतकं, वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा. शिवाय टेबलावर कुणीतरी आजी असतेच, जी तो हातात घेऊन लक्ष्मीपूजनाच्या तबकाची आठवण सांगते. परदेशी नाण्याने ते होत नाही.

घोळक्यात, म्हणजे खरं तर रांगेत

महाराष्ट्रातल्या बहुतेक लग्नांत बुफे असतो. लोक हातात ताटली घेऊन उभे, एक हात ताटलीत अडकलेला, दुसरा उष्टा. या घोळक्यात जादू करणं टेबलापेक्षाही अवघड. तरीही लग्नाच्या कामांसाठी मी हाच प्रकार सुचवतो, कारण स्वागत समारंभात एक जागा अशी असते जिथे सगळ्यांचे दोन्ही हात जवळजवळ मोकळे असतात: नवरा-नवरीला भेटायला स्टेजकडे जाणारी रांग. हातात फार तर आहेराचं पाकीट. लोक अर्धा-अर्धा तास उभे असतात, मुलं कंटाळलेली, आजोबांचे पाय दुखताहेत. तिथे दोन मिनिटांचा प्रयोग करा, लोक मनापासून आभार मानतात. रांग आपोआप पुढे सरकते, त्यामुळे नवा प्रेक्षक शोधत फिरावं लागत नाही, आणि कार्यालयात शिरलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकदा तरी तुमच्यासमोरून जातो. फेरीत कुणाचे मामा राहण्याचा प्रश्नच येत नाही.

इथे दोन गोष्टी लागतात. पहिली, प्रयोग संपताच पुढच्यासाठी तयार झाला पाहिजे. जुळवणीला कोपऱ्यात जायची सोय नाही. रबर बँड, स्पंजचे चेंडू, पाहुण्याचीच अंगठी, सही केलेलं पान पुन्हापुन्हा वर येणं. दुसरी, सगळ्या बाजूंनी बघितलं तरी उघडा पडणार नाही असा प्रयोग हवा, कारण रांगेत लहान मुलं मांडीपाशी उभी असतात आणि त्यांची नजर नेमकी खालून असते.

डीजे असेल तर बोलून रंगणारं सगळं बाद. संगीताच्या कार्यक्रमात मी तीनच प्रयोग ठेवतो, तिन्ही न बोलता कळणारे. उघड्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक सहसा बंद करावा लागतो, आणि त्यानंतरचा अर्धा तास मला फार आवडतो. रंगमंचावरचे कार्यक्रम थांबलेले असतात, मंडळी गप्पा मारत बसलेली असतात, हात धुऊन झालेले असतात. यजमानाला आधीच सांगून हा अर्धा तास मागून घ्या.

बैठकीत

केळवण, साठी, घरगुती वाढदिवस, सोसायटीच्या क्लबहाउसमधलं गेट-टुगेदर. पंचवीस-तीस माणसं. इथे मी टेबलाटेबलाचा विचारही करत नाही. सगळ्यांना एकत्र बसवायचं, जेवणाआधी चाळीस मिनिटांचा सलग प्रयोग करायचा. ज्याला जादूतून काही सांगायचं आहे, गोष्ट रचायची आहे, त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. लोक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे आत्याबाईंनी निवडलेलं पान सापडलं की सगळं घर टाळ्या वाजवतं. ज्या घरी पत्ते म्हणजे जुगार असं मानतात तिथे पत्त्यांऐवजी दोरी, नाणी, नोटा ठेवाव्यात. हे आधी विचारून घ्यावं.

धोका एकच: सुरुवात फसली तर सुटका नाही. टेबलावर एक प्रयोग पडला तर पुढच्या टेबलावर नवी सुरुवात होते. बैठकीत तीच माणसं चाळीस मिनिटं समोर असतात. म्हणून हात कितीही तयार असला तरी पाच-पन्नास टेबलं किंवा रांगा झाल्याशिवाय बैठकीचे पैसे घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

मनातलं ओळखण्याचे प्रयोग बैठकीत उत्तम रंगतात, पण तिथे एक पथ्य पाळा. प्रयोगानंतर कुणीतरी हळूच येऊन विचारतं, "माझ्या मुलीच्या लग्नाचं काही दिसतं का?" त्या क्षणी स्पष्ट सांगा की ही हातचलाखी आहे, शिकलेली कला आहे, अंगात कसलीही शक्ती नाही. आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्यामागे डॉ. दाभोलकरांसारख्या माणसाचं आयुष्य खर्ची पडलंय. आपली भाकरी ज्या कलेवर आहे तीच कला भोंदू वापरतात, म्हणून हे सांगायची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे.

पैशाचं

टेबलं आणि रांग तासावर ठरवा, बैठक प्रयोगावर. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले घरगुती कार्यक्रमात त्याच रात्री. कंपन्या टीडीएस कापून देतात आणि उशिरा देतात. उद्यम नोंदणी करून घ्या. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या वर थकवता येत नाहीत, आणि बिलावर नोंदणी क्रमांक असला की हिशेब विभागाला ते आठवतं. पाहुण्याने पाचशेची नोट पुढे केली तर मी घेत नाही. यजमानाने त्याच्या पाहुण्यांसाठी मला आधीच पैसे दिलेत.

दर रविवारी हॉटेलात टेबलांवर उभं राहण्याचं काम मिळालं तर पैसे कमी असले तरी सोडू नका. ऑर्डर दिल्यावर जेवण येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं, हात स्वच्छ, पोरं भुकेली. टेबलावरची जादू शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

बाकी कामांसाठी फोनवर तीन प्रश्न विचारा. जेवण बसून आहे की बुफे? डीजे किती वाजता सुरू होणार? माणसं किती आणि कोणत्या वयाची? गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला: बहिणीचं केळवण, तीस माणसं, "प्रत्येक टेबलावर जाऊन जादू करा." जेवण साडेनऊला, पुरणपोळीचं, घरातच पाटांवर. मी म्हटलं, ताई, साडेआठला सगळ्यांना हॉलमध्ये बसवा, सतरंजी अंथरा, आणि आजींना पहिल्या रांगेत खुर्ची द्या.