मऊ मुठीचा क्रोशा सेट, संक्रांत ते नवरात्र: सुया चोख, आकडे गायब

सेटमध्ये काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे उगाळत नाही. 2 पासून 6 मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने नऊ सुया, ॲल्युमिनियमचा दांडा, राखाडी मऊ मूठ, चेनची पिशवी. किंमत साडेतेराशे. मी संक्रांतीच्या सुमाराला मागवला, आता नवरात्र तोंडावर आलंय. मधल्या काळात हा सेट कपाटात पडून राहिलेला नाही. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून तुर्भ्याची गाडी पकडल्यापासून रात्री जेवणं आटोपल्यानंतरपर्यंत, यातली एखादी तरी सुई माझ्या हातात असतेच.

आणि त्यांच्यावरचे मापाचे आकडे पुसले गेलेत.

पहिली गेली ती 4 ची, कारण तीच सगळ्यात जास्त चालते. मुठीवर अंगठा टेकतो बरोबर तिथे पांढऱ्या शाईने आकडा छापलाय. आधी मधलं टिंब गेलं, मग शून्य, मग चारचा वरचा भाग. होळीपर्यंत तिथे नुसता राखाडी रंग उरला. एप्रिल-मेच्या घामात 3.5, 4.5 आणि 5 यांचीही तीच गत झाली. नऊही मुठी एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या. 2 आणि 6 मधला फरक कुणालाही दिसेल, पण 4 आणि 4.5 शेजारी शेजारी धरून गाडीच्या उजेडात ओळखून दाखवा.

‘एवढ्याशा आकड्यासाठी काय एवढं?’ असं माझी वहिनी म्हणाली. तिला जे समजावलं तेच इथे लिहिते.

मी क्रोशे आत्याकडून शिकले. साखळी, मुका खांब म्हणजे बुटका टाका, खांब म्हणजे त्याहून उंच टाका, मग त्याचे शंख आणि जाळ्या. पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे दाराची तोरणं, ताटावरचे रुमाल, पाटावरची आसनं हेच होत आलं. त्यात अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही. तोरण दोन बोटं लांब झालं तरी चौकटीला लागतंच. पण गेल्या वर्षापासून मी ठरवलंय की आता अंगात घालायचं विणायचं, मापाचं, खांद्यावर नीट बसेल असं. तिथे सगळा खेळ नमुन्याच्या तुकड्यावर असतो. दहा सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मग टाके मोजायचे.

माझ्या सुती दोऱ्यावर 4 च्या सुईने दहा सेंटिमीटरमध्ये 16 मुके खांब बसतात. छातीचा घेर 96 सेंटिमीटर हवा असेल तर 154 टाके धरायचे. तेच 154 टाके 4.5 च्या सुईने घातले तर दहा सेंटिमीटरला 15 च बसतात आणि घेर जातो जवळजवळ 103 वर. साडेसहा सेंटिमीटरचा फरक! म्हणजे कपडा एक माप मोठा. चुकीची सुई हातात आली हे पहिल्या दोन ओळींत कळतही नाही. कळतं ते वीतभर विणून झाल्यावर, आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

बाळंतविड्याच्या टोपड्याचंही तसंच. गोल सपाट राहायला मुक्या खांबात दर फेरीला सहा टाके वाढवायचे, खांबात बारा. बाळाच्या डोक्याचा घेर 42 सेंटिमीटर असेल तर त्याला 3.14 ने भागून साधारण 13 सेंटिमीटरचा गोल झाला की वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली उतरायचं. हे गणित मी नव्याने शिकले आणि मला ते फार आवडलं, कारण आत्या नजरेने करायची ते आता मला कोणत्याही डोक्यासाठी करता येतं. पण गणित लागू पडायला मधेच सुई बदललेली चालत नाही.

बरं, सुया मुद्दाम बदलाव्याही लागतात, आणि ते तर आकड्याशिवाय होतच नाही. सुरुवातीची साखळी बहुतेकींची घट्ट येते, मग खालची कड आकसते आणि वरचं विणकाम पंख्यासारखं पसरतं. त्यावर साधा इलाज म्हणजे साखळी अर्ध्या मिलिमीटरने मोठ्या सुईने घालायची आणि पहिल्या ओळीपासून नेहमीच्या सुईवर यायचं. म्हणजे एका कामाला 4.5 आणि 4 अशा दोन सुया लागोपाठ लागतात. कापूस भरलेली खेळणी करायची असतील तर उलटं: दोऱ्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या मापापेक्षा बारीक सुई घ्यायची, नाहीतर टाक्यांतून आतला कापूस डोकावतो. अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या नऊ सुया विकता त्या याचसाठी ना? मग कोणती कुठली हे कळायला नको?

माझ्याकडे आत्याच्या पोलादी सुया आहेत, बारीक दोऱ्याच्या लेससाठीच्या. त्यांच्या चपट्या भागावर आकडा ठशाने उठवलेला आहे. आत्याच्या लग्नाच्या आधीच्या आहेत त्या, आणि अजून अंधारात नखाने चाचपून नंबर कळतो. पोलादी सुयांचे जुने नंबर उलटे चालतात, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई, हे नवीन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मुद्दा एवढाच की दहा-वीस रुपयांच्या सुईला त्या काळी ठसा परवडत होता.

तक्रार केली. पहिलं उत्तर आलं की छपाई झिजणं हा ‘सामान्य वापर’ आहे, हमीत बसत नाही. मी लिहिलं की सुईचा सामान्य वापर म्हणजे ती हातात धरणं, आणि हातात धरल्यावर जे जातं ते छापायची जागा चुकली आहे. दुसरं उत्तर दुसऱ्याच कुणाचं आलं. त्यात ‘सदोष सुयांचे आकार नमूद करून प्रत्येकीचा फोटो पाठवा’ असं होतं. आकार! मी चारही सुयांचे फोटो पाठवले आणि स्पष्ट लिहिलं की आकार नमूद करता येत असता तर मी तक्रार केलीच नसती. त्यानंतर ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’, आणि मग काहीच नाही. पैसे परत नकोत, नवीन सेट नको, आकड्यांचे चिकटवायचे कागद पाठवा म्हटलं, तेही नाही. साडेतेराशे रुपये माझ्यासारखीला सहज खर्चायची रक्कम नाही. स्टेशनजवळच्या बाजारात सुटी ॲल्युमिनियमची सुई पन्नासच्या आसपास मिळते. नऊ घेतल्या तरी साडेचारशे. वरचे नऊशे मी मुठीचे आणि नीटसपणाचे दिले.

मुठीबद्दल मात्र वाईट बोलायला जागा नाही. बारीक कांडीसारखी सुई तास-दीड तास धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, दुसऱ्या दिवशी कणीक मळतानासुद्धा जाणवायची. या जाड मुठीवर ती कळ येत नाही. पेन धरतो तशी धरा किंवा सुरी धरतो तशी, दोन्ही पकडींना बसते. आणि पावसाळा! असल्या मऊ लेपाच्या वस्तू आपल्याकडच्या दमट हवेत चिकट होतात, रिमोट आणि छत्रीच्या मुठीचा अनुभव सगळ्यांनाच असेल. मी त्याचीच धास्ती घेतली होती. जुलैचा पाऊस, ओली पिशवी, लोकलमधली दमट गर्दी, सगळं झालं, मूठ तशीच कोरडी आहे.

सुईचं डोकं गोलसर आहे, टोकदार नाही. सैल पिळाच्या ॲक्रिलिक लोकरीत टोकदार सुई धाग्याच्या मधोमध घुसते आणि टाका अर्धाच ओढला जातो, ते यात होत नाही. मर्सराइज्ड सुती दोऱ्यावर तर ही सुई सुरेख पळते. त्याला कॉस्टिक सोड्यातून काढलेलं असतं, म्हणून तो चमकदार आणि गुळगुळीत असतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने 1840 च्या दशकात ही प्रक्रिया शोधली, नाव त्याच्यावरूनच. ठाण्याच्या हवेत अंगात घालायचं असेल तर मी सुतीच सांगेन, लोकर आपल्याकडे महिनाभर तरी वापरून होते का?

इथपर्यंतचं बरंचसं मी गणपतीच्या आधी लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होते. मग मत बदलावं लागलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, उभी हयात वागळे इस्टेटमध्ये टर्नरचं काम केलेले. दर्शनाला आले तेव्हा टीपॉयवर सुया पडल्या होत्या. मी सहज गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, मग मोजून घे ना. छापलेल्या आकड्यावर आम्ही कधी विश्वास ठेवला नाही.’ मोदक खाऊन खाली गेले आणि त्यांचं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, घेऊन परत आले, तेलाचं बोट पुसलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. सुईचं माप कुठलं धरायचं ते आधी मला विचारलं. मी सांगितलं, डोक्याचं नाही, डोक्याखालच्या खाचेचं नाही, त्याच्या मागच्या सरळ दांड्याचं. टाक्याचा फास त्या दांड्यावर बसतो, तोच टाक्याचा आकार ठरवतो.

काकांनी एकेक सुई जबड्यात धरली, थोडी फिरवून पुन्हा धरली, आणि मी वहीत लिहीत गेले. 3.49. 3.98. 4.49. 5.01. नऊच्या नऊ सुयांत दोन-तीन शतांशांपलीकडे फरक नाही, आणि दांडा कुठेही लंबगोल नाही. मग मी माझी बाजारातली सुटी 4 ची सुई दिली. ती 3.8 भरली, आणि फिरवून धरली तर 3.7. मला लख्ख आठवलं की त्या सुईवर माझा नमुना नेहमी घट्ट यायचा आणि मी हात सैल सोडायची धडपड करायचे. हात ठीकच होता.

त्या एका संध्याकाळी या सेटबद्दलचा माझा राग निम्मा उतरला. ज्यांनी दांडा इतका चोख कातलाय त्यांनी आकडा असा शाईने का मारावा हे कोडंच आहे, पण माल खोटा नाही. वरचे नऊशे रुपये नुसत्या मुठीचे नव्हते, या शतांशांचेही होते. काकांनी दुसऱ्या दिवशी छोट्या कोरणीने प्रत्येक सुईवर आकडा कोरून दिला. मी नेलपॉलिशचे ठिपके सुचवले होते, ते त्यांना पटले नाहीत. जागा त्यांनी नीट विचार करून निवडली: दांडा मुठीत शिरतो त्याच्या अगदी लगत, जिथवर टाका सरकत नाही, म्हणजे दोरा अडकायचा प्रश्न नाही. कोरल्यावर बारीक पॉलिश पेपरने कड मारली. आता अंगठ्याने शोधता येतो.

एक मर्यादा सांगायलाच हवी. ट्युनिशियन क्रोशे शिकायचं असेल तर या सेटच्या भरवशावर राहू नका. त्यात अख्ख्या ओळीचे टाके सुईवरच गोळा होतात आणि परतीच्या फेरीत उतरतात, त्यामुळे लांब सरळ सुई किंवा मागे वायर जोडलेली सुई लागते. इथे जाड मूठ आडवी येते, सात-आठ सेंटिमीटरच्या पट्टीपलीकडे जाता येत नाही. टाका समजून घ्यायला पट्टी पुरते, शाल होणार नाही. मी पट्टी करून पाहिली, टाका फार देखणा आहे, पुढच्या वर्षी लांब सुई घेईन.

आणि चिन्हांचे तक्ते वाचायला शिका, हे सेटशी थेट संबंधित नाही तरी सांगते. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, टी आकाराला एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे मोठा खांब. अमेरिकन आणि ब्रिटिश लिखित कृतींत एकाच नावाचा टाका वेगवेगळ्या उंचीचा असतो, तक्त्यात तो घोळ होत नाही. जपानी पुस्तकांतले तक्ते मला आता भाषा न येता विणता येतात. फक्त कोपऱ्यात सुईचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, आणि ते पाळावं लागतं.

तर तारे चार. पाचवा आकड्यांसाठी कापला आहे आणि कंपनीने ठसा मारेपर्यंत तो मी देणार नाही. घेणार असाल तर सेट आल्या दिवशीच, आकडे शाबूत असताना, प्रत्येक सुईवर खूण करून घ्या. शेजारी टर्नर काका नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिकचं व्हर्नियर मिळतं, दोन-तीन मैत्रिणींत एक पुरतं. नुसती तोरणं आणि रुमाल करत असाल तर एवढे पैसे घालू नका, बाजारातल्या तीन सुट्या सुया बास होतील. अंगातले कपडे मापात विणायचे असतील किंवा अंगठा दुखत असेल तर जरूर घ्या. आणि 4.5 ची सुई सुटी मिळत असेल तर कुणीतरी कळवा, साखळीसाठी मला तिची जोडी हवी आहे.