उडी कोणाची सरस: सुपर मारिओ ब्रदर्स की कॅसलव्हेनिया?

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममध्ये बटण जास्त वेळ दाबून ठेवलं की उडी उंच जाते, आणि चुकलेली उडी हवेतही सावरता येते. नवख्यांसाठी हीच उत्तम.

१९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'त उंची ठरलेली, दिशाही पाय सुटतानाच पक्की. शत्रूचा धक्का बसला की खेळाचा नायक सायमन मागे फेकला जातो. मागे खड्डा असेल तर जीवनशक्तीची पट्टी भरलेली असूनही जीव जातो. म्हणून मेड्युसाची मुंडकी (हवेतून उडत येणारे शत्रू) नागमोडी येतात तिथे धावू नका. थांबा, चाबूक किंचित आधी मारा (तो उगारायला क्षणभर लागतो), मगच उडी. ही उडी सदोष मुळीच नाही: शत्रूंच्या जागा तिच्याच मापाने बेतल्या आहेत, त्यामुळे पार केलेला प्रत्येक जिना कमावलेला वाटतो.