द वायर: बाकीच्या पोलिसी सिरीज हिच्यापुढे फिक्या का वाटतात

क्राईम सिरीज कुठली बघू असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, द वायर, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलिस आणि ड्रगवाल्या गँग यांची सिरीज. एचबीओवर २००२ ते २००८ या काळात आली, पाच सीझन, ६० एपिसोड. आणि दर वेळी पुढचं वाक्यही ठरलेलं, की बाबा रे निदान चार एपिसोड तरी बघ, मग मला शिव्या घाल. कारण सुरुवातीला खरंच काही कळत नाही. पंचवीस-तीस माणसं एकदम अंगावर येतात, बाल्टिमोरच्या गल्लीतली पोरं काय बोलतात ते सबटायटल लावूनही अर्धं डोक्यावरून जातं, आणि कोण कोणाचा माणूस हे समजावून सांगायला कोणी थांबत नाही. मी स्वतः पहिल्यांदा दुसऱ्या एपिसोडला सोडली होती.

आता बाकीच्या सिरीज कशा असतात बघा. सीएसआय घ्या, डोक्याचा एक केस सापडला, लॅबमधे टाकला, स्क्रीनवर मॅच आलं, चाळीस-पंचेचाळीस मिनिटात माणूस आत. लॉ अँड ऑर्डर मला आवडते पण तिथेही एपिसोड संपता संपता बहुतेक वेळा निकाल लागतोच. तिथे अडचण एकच, गुन्हेगार कोण. वायरमधे गुन्हेगार कोण हे पोलिसांना पहिल्याच आठवड्यात माहीत असतं! अडचण आहे ती साहेबाची, कागदांची, बजेटची आणि आकड्यांची.

नाव ज्याच्यावरून पडलंय तो फोन टॅपच घ्या. दुसरीकडे कुठेही हिरो म्हणतो फोन टॅप करा आणि पुढच्या सीनला हेडफोन लावून बसलेला असतो. इथे आधी न्यायाधीशाला पटवायचं की बाकीचे सगळे मार्ग करून झाले, आता याशिवाय इलाज नाही. परवानगी मिळाली तरी वाट्टेल ते ऐकता येत नाही, त्या सार्वजनिक फोनवर आत्ता आपण ज्याच्या मागावर आहोत तोच माणूस बोलतोय हे कोणीतरी डोळ्यांनी बघितलं पाहिजे, म्हणून दोघं जण गच्चीवर दुर्बीण घेऊन उन्हात बसलेत. आणि गँगवाले काय मूर्ख नाहीत, पेजरवर नंबर पाठवतात तोही कोडमधे. ते कोड फोडतो कोण तर प्रेझ, रस्त्यावर काडीच्या कामाचा नसलेला, सासऱ्याच्या वशिल्याने टिकलेला पोलिस. फोनच्या बटणांकडे बघत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की पोरं मधल्या ५ वरून पलीकडे उडी मारतायत, १ चा ९, २ चा ८, आणि ५ ची ० शी अदलाबदल. बस. एवढंच. गोळीबार नाही, पाठलाग नाही, पण मी खुर्चीतून उठलो होतो.

हे एवढं नेमकं कुठून आलं तर लिहिणाऱ्यांकडून. डेव्हिड सायमन बाल्टिमोर सन या पेपरमधे अनेक वर्षं क्राईम रिपोर्टर होता आणि एड बर्न्स त्याच शहराच्या पोलिसात डिटेक्टिव्ह होता, निवृत्तीनंतर शाळेत शिकवत होता. गंमत म्हणजे सिरीजमधे चर्चचा जो शांत, वयस्कर डीकन दिसतो तो मेल्विन विल्यम्स, खऱ्या आयुष्यात बाल्टिमोरचा मोठा ड्रगवाला, आणि त्याला ८०च्या दशकात पकडण्यात हाच बर्न्स होता. हे कळल्यावर ते सीन परत बघा, वेगळेच लागतात.

माझा सगळ्यात लाडका भाग मात्र दुसऱ्या सीझनची सुरुवात, जो सीझन खूप लोकांना आवडत नाही (आवडायला वेळ लागतो, बंदरातले कामगार एकदम कुठून आले असं वाटतं). मर्डर युनिटमधे एक फळा आहे, न सुटलेल्या केसचं नाव लाल, सुटलेल्याचं काळं, आणि वर्षाअखेरीस साहेबाला लाल नावं नको असतात. सिरीजचा मुख्य डिटेक्टिव्ह मॅकनल्टी, त्याला शिक्षा म्हणून पोलिसांच्या गस्तीच्या बोटीवर पाठवलंय. पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं, मग बंदरात कंटेनरमधे आणखी १३. कोणालाच ही केस आपल्या हद्दीत नकोय. तर हा पठ्ठ्या भरती-ओहोटीचे तक्ते घेऊन बसतो आणि सिद्ध करतो की मेल्या त्या शहराच्याच हद्दीत, म्हणजे ज्या साहेबाने याला बोटीवर टाकलं त्याच्याच फळ्यावर एकदम १४ लाल नावं! न्याय वगैरे राहू दे, निव्वळ खुन्नस. आणि त्यातूनच खरा तपास सुरू होतो. असं दुसऱ्या कुठल्या सिरीजने लिहिलंय सांगा.

चौथा सीझन शाळेचा. तोच प्रेझ पोलिसातून बाहेर पडून गणिताचा मास्तर झालाय आणि त्याला सांगतात की आता परीक्षेचे मार्क वर दिसले पाहिजेत, बाकी शिकवणं बाजूला ठेव, आणि त्याला लगेच ओळखू येतं, अरे हे तर आपल्या चौकीसारखंच, तिथे गुन्हे कमी दाखवायचे इथे मार्क जास्त. या सीझनमधे ज्या चार शाळकरी पोरांची गोष्ट आहे त्यांचं काय होतं ते सांगत नाही. सलग बघू नका एवढंच सांगतो, मला दोन दिवस गॅप घ्यावी लागली.

पाचवा मात्र फसलाय. मॅकनल्टी जे काही करतो ते या सिरीजमधे शोभत नाही, आणि या सीझनमधे जे पेपरचं ऑफिस दाखवलंय तिथे सायमनने जुना राग काढलाय असं वाटत राहतं, माणसं सरळ चांगली नाहीतर सरळ वाईट. एरवी वायरमधे असं कोणी नसतं हो. ओमारसारखा बंदूक घेऊन ड्रगवाल्यांना लुटणारा माणूस शिव्या देत नाही, आणि स्ट्रिंगर बेल धंदा नीट चालवायचा म्हणून कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकायला जातो! (तो इड्रिस एल्बा, ब्रिटिश आहे हे मला कितीतरी नंतर कळलं. मॅकनल्टी झालेला डॉमिनिक वेस्टसुद्धा.)

एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे मोठे पुरस्कार, किती मिळाले? शून्य. नॉमिनेशन दोन, दोन्ही लेखनासाठी. असो.

बघणार असाल तर मोबाईल बाजूला ठेवून बघा, कारण एखादं नाव एकदाच येतं आणि सात एपिसोडनी परत उगवतं. आणि पहिल्या सीझनला कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा मान खाली घालून बाहुल्यांच्या घराचं छोटं छोटं फर्निचर करत बसलेला दिसेल, सगळ्यांना वाटतं कामचुकार आहे. लेस्टर त्याचं नाव. त्याच्याकडे लक्ष असू द्या.