रो-हाऊसचं अंगण: पेव्हर, लॉन की देशी झुडपं?

नेरूळ-सानपाड्याला किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला रो-हाऊस घेतलं की पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो: पुढच्या मोकळ्या जागेचं काय करायचं? कंत्राटदार पेव्हर ब्लॉक किंवा मेक्सिकन लॉन सुचवतो. आपल्याकडच्या झाडाझुडपांचं अंगण हा तिसरा पर्याय त्याच्या यादीत सहसा नसतो. आमच्याकडे आधी चार वर्षं लॉन होतं, आता झुडपं आहेत. माझा कल कुठे आहे हे लपवत नाही, पण दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

सुरुवात पाण्यापासून करू. अंगण 20 बाय 15 फुटांचं धरा, म्हणजे साधारण 28 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एवढ्याशा जागेवर वर्षाला जवळपास 70 हजार लिटर पाणी पडतं! सांधे सिमेंटने भरलेले पेव्हर असतील तर ते जवळजवळ सगळं गटारात जातं. लॉन थोडंफार मुरवतं. पालापाचोळ्याने झाकलेली, मुळांनी भुसभुशीत झालेली माती त्याहून कितीतरी जास्त मुरवते.

उन्हाळ्यात हिशोब उलटा होतो. एप्रिल-मेमध्ये लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं, म्हणजे आपल्या अंगणाला 140 लिटर. मोरबे धरणाचं शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी रोज गवतावर सोडताना मला मनापासून वाईट वाटायचं. अडुळसा, निर्गुडी, कुंती, कढीपत्ता यांना पहिले दोन उन्हाळे नीट जपावं लागतं. मुळं खोल गेली आणि बुंध्याशी पाचोळ्याचा थर असला की आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी पुरतं.

मेहनत कुठेच चुकत नाही, फक्त तिची वेळ बदलते. लॉनची जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कापणी, शिवाय तण आणि बुरशी. आंब्याच्या सावलीत तर ते टिकतच नाही, आमच्याकडे तिथे टक्कलच पडलं होतं. झुडपांचं काम पहिल्या वर्षी भरपूर, नंतर वर्षातून दोनदा छाटणी. मात्र भरायला दोन वर्षं लागतात आणि तोवर अंगण ओकंबोकं दिसतं. पाहुण्यांना ते अव्यवस्थितही वाटतं. ज्यांना लगेच नीटनेटकं हवं, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पण खरा फरक जिवांचा आहे. कढीपत्ता आणि लिंबावर काही फुलपाखरं अंडी घालतात. त्यांच्या अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. पानफुटीवर, रुईवर, बहाव्यावर वेगवेगळी फुलपाखरं वाढतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायचं नाही, एवढी एकच सवय बदलावी लागते. जास्वंद मूळची इथली नाही, तरी खुशाल ठेवा, शिंजीर तिच्यावर रोज येतो. लॉनवर चार वर्षांत मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

भीतीचं काय? डास झुडपांमुळे वाढतात असा समज आहे, पण डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडे ड्रम आधी बघा. सापाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, विशेषतः येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी. भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा, विटांचे ढीग आणि उंदीर होऊ देऊ नका. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात. त्या रात्री हातमोजे घालून वेचाव्याच लागतात, सोपा उपाय मला सापडलेला नाही.

आता निवड. लहान मुलं रोज खेळणार असतील तर गवत हवंच. पण मेक्सिकन लॉनऐवजी हरळी लावा. ती उन्हाळ्यात पिवळी पडते, पहिल्या पावसात परत येते, फक्त ऊन मिळायला हवं. गाडी आत घ्यायची असेल तर चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरसबंद करा, मधली माती उघडी राहू द्या. घरात वयस्कर माणसं असतील तर गेटपासून दारापर्यंत सपाट पायवाट हवीच, तिथे पेव्हर योग्यच आहेत. उरलेल्या सगळ्या जागेसाठी मी झुडपंच निवडेन.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी. अंगणात आधीपासून झाड असेल तर ते परस्पर तोडू नका. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या जागेतल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी वरच्या वीतभर मातीखाली भरावाचा मुरूम असतो. मे महिन्यातच दोन फुटांचे खड्डे खणून माती नि शेणखत भरून ठेवा, म्हणजे जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की रोपं थेट लावता येतात.