मूत्रपिंडाच्या रुग्णांची पोषण पावडर, चार महिन्यांनंतर: तक्रार चमच्याची

शेवटचा डबा काल संपला. आहारतज्ज्ञांनी आता नवा आणू नका म्हणून सांगितलंय.

संसर्गातून बाबांचं मूत्रपिंड अचानक निकामी झालं आणि तीन आठवडे डायलिसिस चाललं. किडनी म्हटलं की प्रथिनं बंद, असं जो तो सांगत होता. मीही सुरुवातीला हात आखडताच घेतला, आणि ते चुकलंच. आजारपणात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं, वर डायलिसिसमधून अमिनो आम्लं वाहून जातात. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत डायलिसिसवर असताना वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. बाबांचं वजन 60 किलो, म्हणजे 60 ते 90 ग्रॅम. जेवण दोन घासांवर आलेलं असताना एवढं पोटात जाणार कसं? तिथे ही पावडर खरोखर कामी आली. थोड्या पाण्यात जास्त उष्मांक मिळतात, आणि पाणी मोजून प्यायचं असताना याची किंमत कळते.

डायलिसिस थांबल्यावर डबा बदलायला सांगितला. अर्धा जुना शिल्लक होता, जीव चुटपुटला. पण आता प्रथिनांचा हिशोब दर किलोला 0.8 ते 1 ग्रॅमवर आला होता आणि जुन्यात ती जास्त होती. ठेवून दिला.

नवा डबा सुरू केला तेव्हा त्यातला चमचा पावडरीत पार तळाशी गाडलेला. कोण हात घालणार, म्हणून जुनाच चमचा धुऊन, पुसून वापरला. नऊ दिवसांत बाबांचे गाल आणखी बसले. पावडरच निकृष्ट आहे असं धरून मी दुकानदाराशी भांडलो. मग एका रात्री दोन्ही सपाट चमचे काट्यावर ठेवले: जुन्यात 10 ग्रॅम, नव्यात 15. नऊ दिवस बाबांना दोन-तृतीयांशच मिळत होतं! डब्यावर मात्र नुसतं ‘2 चमचे’. ग्रॅम मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे? आजारी माणसाच्या घरात मध्यरात्री बारीक अक्षरं कोण वाचत बसणार?

पावडरीला मी आता नावं ठेवत नाही. पण ‘पोटॅशियम कमी’ या छापावरही डोळे मिटून जाऊ नका. मधे लघवी एकदम वाढली, पोटॅशियम उलट खाली गेलं आणि डॉक्टरांनी तेवढे दिवस पावडर थांबवली. दर रक्ततपासणीनंतर प्रमाण विचारून घ्या.

काटा अजून ओट्यावरच आहे. आता त्यावर बाबांचं दिवसाचं मीठ मोजतो.