यूथ हॉस्टेलचा सार पास: पाय सह्याद्रीचे चालतील, सवयी नाहीत

हिमालयातला पहिला ट्रेक कुठला करावा, असं पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये विचारलं तर निम्मी उत्तरं सार पासचीच येतात. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा मे महिन्यातला हा कार्यक्रम स्वस्त आहे, शिस्तीचा आहे आणि मुख्य म्हणजे तंबू, स्वयंपाक, वाटाड्या यांतल्या कशाचीच व्यवस्था आपल्याला पाहावी लागत नाही. ‘नवख्यांसाठी’ ही त्याची ख्याती मात्र अर्धीच खरी. व्यवस्थेच्या बाजूनं तो नवख्यांसाठी आहे. खिंडीखालच्या नगारू कॅम्पवरची रात्र आणि दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून बिस्केरी कॅम्पपर्यंतची उतराई ही नवख्यांसाठी वगैरे काही नसते.

आधी वाट समजून घ्या. बेस कॅम्प हिमाचलच्या पार्वती खोऱ्यात, कसोलला, सुमारे ५,२०० फुटांवर. म्हणजे कळसूबाईचं शिखर जिथं संपतं, जवळपास त्याच उंचीवर इथली सुरुवात. मग ग्रहण गाव (७,७०० फूट), पाद्री (९,३००), मिन थाच (११,१५०), नगारू (१२,५००), तिथून सार पासची खिंड ओलांडून (१३,८००) बिस्केरी (११,०००) आणि पुढे बंडक थाचमार्गे बर्शैणीला गाडीरस्ता. थाच म्हणजे तिकडचं कुरण. सार म्हणजे तळं. खिंडीजवळच्या, बहुतेक वेळ गोठलेल्या, छोट्या तळ्यावरून हे नाव पडलं.

या आखणीला पूर्ण गुण द्यायला हवेत. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात दीड-पावणेदोन हजार फुटांपेक्षा जास्त वाढू नये, हा विरळ हवेतला जुना नियम. पाद्री ते मिन थाच आणि मिन थाच ते नगारू हे टप्पे साधारण त्याच मापात बसतात. त्याआधी कसोलला सरावाची चढाई आणि प्रस्तरारोहण यांत दोन दिवस जातात. काहींना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. ते टाळायला बेस कॅम्पला उशिरा पोचणारे लोक वर जाऊन डोकं धरून बसतात.

जेवण शाकाहारी आणि पोटभर. सकाळी चहा, नाश्ता, दुपारचा डबा आपल्याच डब्यात भरून, संध्याकाळी चहा-सूप, रात्रीचं जेवण. आठवडाभर चव तीच असते हे खरं, पण नगारूला पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, प्रत्येक थेंब बर्फ वितळवून मिळवावा लागतो आणि ताटातला भात दोन मिनिटांत गार होतो. तिथे डाळ शिजलेली मिळते हीच स्वयंपाक्यांची कमाल. भूक मेली तरी जेवायचंच. लिमलेटच्या गोळ्या, चिक्की, गूळपापडी, खजूर सोबत ठेवा. लोणच्याची छोटी बाटली असली तर तंबूभर मित्र होतात.

दारू-सिगारेटला सक्त मनाई आहे आणि कॅम्पफायर असतो तो बिनआगीचा. रोज एक बॅच सुटते आणि एका तुकडीत तीस-चाळीस माणसं सहज असतात. ज्यांना एकांत हवा, तंबूत दोघंच हवेत, रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लावणारा लीडर हवा, त्यांनी बरेच जास्त पैसे मोजून खासगी कंपनीबरोबर जावं. इथे स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायचं काम बरंचसं आपलंच असतं, आणि धड रुग्णालय गाठायचं तर कुल्लूला उतरावं लागतं.

आता त्या सवयींकडे. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचे पाय तयार असतात. चढ त्याला रडवत नाही. रडवतात चार गोष्टी.

पहिली, वेग. आपल्याकडे ऊन चढायच्या आत गड गाठायचा असतो, म्हणून पळायची खोड लागलेली असते. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. मिन थाचला सगळ्यांच्या आधी धापा टाकत पोचलेल्याचंच रात्री डोकं ठणकतं. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं.

दुसरी, पाणी. थंडीत तहान लागत नाही आणि रात्री तंबूबाहेर जायचा कंटाळा, म्हणून लोक पिणंच कमी करतात. दिवसाला तीन-चार लिटर हवं. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या. पाइपवाली पाण्याची पिशवी नगारूला नको, पाइप गोठतो. रात्री बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पांघरुणात घ्या. पाय शेकतात आणि पहाटे प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं.

तिसरी, कापड. सुती टी-शर्ट घामानं भिजला की वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गारठतं. जीन्सचा तर विचारही नको. अंगालगत पॉलिस्टर, त्यावर फ्लीस, सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. थर्मलचा एक जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा राखून ठेवायचा, त्यात चालायचं नाही. मोजे चार जोड, त्यांतले दोन लोकरीचे. कानटोपी, पाणी न शिरणारे हातमोजे आणि पॉन्चो, म्हणजे सॅकसकट अंगावर घ्यायचा रेनकोट.

चौथी, बूट. दगडावर न घसरणारे आपले हंटर शूज बर्फात तासाभरात भिजतात आणि रात्रीतून लाकडासारखे होतात. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, खोल खाचांचे बूट घ्या, अर्धा नंबर मोठे. उतरताना बोटं पुढे आदळली तर नखं काळी-निळी पडतात. बूट निघायच्या आधी महिनाभर वापरा. थेट खोक्यातून कसोलला गेलेले बूट ग्रहणलाच फोड आणतात.

स्लीपिंग बॅग न्यावी लागत नाही, पांघरुणं कॅम्पवर मिळतात. पण ती आदल्या बॅचनंही वापरलेली असतात, म्हणून घरची सिंगल चादर उभी दुमडून खालून आणि एका बाजूनं शिवून पिशवी करून न्या. वजन नगण्य, ऊबही थोडी वाढते. रकसॅकही बेस कॅम्पला अनामत भरून मिळते, पण तिचे पट्टे आणि कमरेचा बेल्ट प्रत्येकाच्या अंगाला बसेलच असं नाही. ४५-५० लिटरची स्वतःची असेल तर तीच न्या. भरलेली सॅक आठ किलोच्या वर गेली तर काहीतरी काढा. बहुतेक वेळा ते ‘असू दे’ म्हणून घेतलेले चौथे-पाचवे कपडे असतात.

सराव मार्च-एप्रिलमध्ये करावा लागतो, आणि नेमका तेव्हा सह्याद्री तापलेला असतो. पहाटे चारला निघा किंवा रात्री चढा. आठ आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस पळणं, पाच किलोमीटर पस्तीस मिनिटांत न थांबता जमेपर्यंत. दोन दिवस आठ किलोची सॅक घेऊन जिने. शनिवार-रविवार सलग दोन चढाया, उदाहरणार्थ आतकरवाडीकडून सिंहगड दोन्ही दिवस. एका दिवसात जीव काढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी पुन्हा चढणं हाच खरा सराव, कारण तिथे तेच करायचं असतं. मांड्यांसाठी स्क्वॉट्स सोडू नका, उतरताना गुडघे त्यांच्यावरच तगतात.

खिंडीच्या दिवशी नगारूहून पहाटे अंधारातच निघतात, कारण तेव्हा बर्फ कडक असतो. नऊ-दहानंतर तो भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. हेडटॉर्च हवाच, हातात धरायची बॅटरी काठीच्या हाताला अडचण करते. पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायचं. चढताना बुटाचं टोक बर्फात मारायचं, उतरताना टाच. ऊन आलं की गॉगल काढायचा नाही. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि ती संध्याकाळी कळते. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा.

खिंडीपलीकडे बिस्केरीकडे उतरताना ती बर्फावरची प्रसिद्ध घसरगुंडी, फोटोंत फार गंमतीची दिसते. बसून घसरताना पाय जुळवून किंचित वर धरा. टाच मध्येच बर्फात रोवली तर माणूस कोलांटी खातो. मोबाइल चेनच्या खिशात, सॅकचे पट्टे घट्ट, वाटाड्यानं दाखवलेल्या रेषेबाहेर जायचं नाही. मेच्या सुरुवातीच्या बॅचला बर्फ भरपूर असतो, शेवटच्यांना कमी. बर्फ बघायचा तर लवकरची तारीख घ्या, थंडी सोसत नसेल तर उशिराची.

औषधांबद्दल थोडं स्पष्ट बोलू. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याला घाबरू नका. डोकेदुखी, मळमळ असेल तर ती लपवून वर चढू नका. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरायचं. वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही घेऊन आणण्यात कसलीही हुशारी नाही.

ग्रहणच्या पुढे चार्जिंग आणि नेटवर्क धरूच नका. पॉवर बँक थंडीत लवकर मान टाकते, रात्री पांघरुणातच घेऊन झोपा.

जायचं तर दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची रात्रीची बस, भुंतरला उतरून कसोल तीस किलोमीटर. परतीचं तिकीट ट्रेक संपतो त्याच दिवसाचं काढू नका, मंडी-कुल्लू रस्त्यावर दरड आली की गाडी तासन्‌तास अडकते. तो एक मोकळा दिवस दरडीविना गेला तर मणिकरणला गुरुद्वारात लंगर आणि गरम पाण्याचं कुंड आहे. आठ दिवसांनंतरची ती पहिली आंघोळ.