निलगिरी, लवंग, पुदिना की टी ट्री: घरात कोणती बाटली ठेवावी?

सुगंधी तेलांचे संच आता लग्नाच्या आहेरातही येऊ लागलेत. आठ-दहा इवल्याशा बाटल्या, प्रत्येकीवर एकेक फूल. घरच्या किरकोळ दुखण्यांना त्यातल्या फार तर दोन उपयोगी पडतात. कोणत्या दोन, हे तुमच्या तक्रारींइतकंच घरात कोण राहतं यावरही ठरतं. बाळ, दम्याचं माणूस, फिट्सचा त्रास असलेलं कुणी, मांजर, यांपैकी कोणीही घरात असेल तर गणित बदलतं.

मुळात हे तेल खोबरेल किंवा तिळतेलाच्या जातीचं नाही. पाल्याचा, फुलाचा किंवा सालीचा ढीग वाफेवर उकळून त्यातून काढलेला हा थोडासा अर्क असतो. तो न मिसळता त्वचेवर लावायचा नाही आणि पोटात तर घ्यायचाच नाही. मोठ्यांसाठी साधारण प्रमाण 2 टक्के, म्हणजे 30 मिली खोबरेलात सुमारे 12 थेंब. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मं.

सर्दी: निलगिरी, पुदिना की नुसती वाफ?

आपल्याकडे पहिला मान निलगिरीचा. उटीहून परतणाऱ्यांच्या पिशवीत चहा-चॉकलेटाबरोबर ही बाटली असतेच. तिच्यातलं मुख्य द्रव्य सिनिओल. जर्मनीत सिनिओलच्या मोजून-मापून बनवलेल्या कॅप्सूल सायनसच्या रुग्णांवर तपासल्या गेल्या आणि त्यांना बरं वाटलं. पण तो कॅप्सूलचा गुण, रुमालावरच्या दोन थेंबांकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. पुदिन्यातल्या मेंथॉलचं तर आणखी गमतीशीर आहे. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला तर फारसा फरक दिसत नाही. झोपताना तेवढं वाटणंही पुरेसं असतं, हे मला मान्य आहे.

मोठ्या माणसाने रुमालावर थेंब टाकून हुंगायला हरकत नाही. लहान मूल असेल तर मात्र माझा कौल साध्या पाण्याच्या वाफेला आणि नाकात सोडायच्या सलाइनच्या थेंबांना. वाफसुद्धा न्हाणीघरात गरम पाणी सोडून द्यावी, मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवून नव्हे. निलगिरीचं चमचाभर तेल, म्हणजे जेमतेम 5 मिली, पोटात गेलं तरी लहान मुलाला गुंगी येऊ शकते, फिट येऊ शकते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर असलेल्या तेलांमुळे आणि बामांमुळे आलेल्या फिट्स नोंदवल्या आहेत. त्यात मोठी माणसंही आहेत, आणि काहींनी तेल प्यायलेलं नव्हतं, फक्त हुंगलं किंवा चोळलं होतं. घरात कुणाला फिट्स येत असतील तर निलगिरी आणि कापूर दोन्ही बाजूला ठेवा. बाळाच्या नाकाखाली बाम लावायची सवय तर आजच सोडावी. तिथे मेंथॉलचा उग्र वास बसला तर त्याचा श्वास क्षणभर अडकू शकतो.

दातदुखी: लवंग तेल की अख्खी लवंग?

इथे तेलाची बाजू खरोखर भक्कम आहे. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो बराचसा लवंगेतल्या युजेनॉलचा. झिंक ऑक्साइडमध्ये ते कालवून दंतवैद्य तात्पुरतं भरण करतात. कुवेतमध्ये झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घरगुती लवंग जेल आणि हिरडी बधिर करणारं बेंझोकेन यांची तुलना केली गेली. सुई टोचल्यावर दोन्हींनी वेदना जवळपास सारखीच कमी झाली.

पण तेल थेट हिरडीला लागलं की पोळतं, आणि रोज लावलं तर तिथली त्वचा सोलवटते. थेंबभर तेल खोबरेलात मिसळून कापसाच्या बोळ्याने फक्त किडलेल्या दातावर धरावं. अख्खी लवंग दाढेखाली धरली तर गुण सावकाश येतो, मात्र प्रमाण चुकायची भीती जवळपास नाही. रात्री-बेरात्री ठणकणाऱ्या दाढेला तेल, एरवी मसाल्याच्या डब्यातली लवंग, अशी माझी वाटणी. गालावर सूज किंवा ताप असेल तर दोन्हींचा नाद सोडून दंतवैद्य गाठावा.

डोकेदुखी आणि पोट: पुदिन्याची दोन रूपं

ताणामुळे कपाळ आवळून धरणारी डोकेदुखी असेल तर पुदिन्याइतका पुरावा दुसऱ्या तेलाकडे नाही. जर्मनीतल्या कील इथे पेपरमिंट (पुदिन्याचाच एक प्रकार) तेलाचं 10 टक्क्यांचं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावून पाहिलं गेलं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत त्याचा गुण 1000 मिलीग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा ठरला. आपल्या बाजारातलं पुदिना तेल मात्र बहुधा उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीकडच्या मेंथ्याचं, म्हणजे पुदिन्याच्या दुसऱ्या एका जातीचं असतं. त्यात मेंथॉल 70-80 टक्क्यांपर्यंत, पेपरमिंटपेक्षा बरंच जास्त. त्यामुळे ते जास्त पातळ करावं आणि डोळ्यांपासून लांब ठेवावं. घरात मेंथॉलचा बाम असेल तर वेगळी बाटली कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. मीही घेणार नाही.

पोटासाठी पेपरमिंट खरंच वापरतात, पण आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. पाण्यात थेंब टाकून प्यायलं तर अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैलावते आणि छातीत जळजळ वाढते. गॅसेसना ओवा आणि सैंधव बरं. अमृतधारा अनेक घरांत असते. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे एकत्र केले की आपोआप पाणी होतात, ते पाहायला मजा येते. कापरामुळे ती मुलांना देण्याजोगी मात्र नाही.

मुरुमं आणि झोप

टी ट्री तेल ऑस्ट्रेलियातलं. तिथेच 1990 साली त्याच्या 5 टक्के जेलची तितक्याच तीव्रतेच्या बेंझॉइल पेरॉक्साइडशी, म्हणजे मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी ट्री सावकाश चाललं, पण त्वचा कमी कोरडी पडली. नाजूक त्वचेला हा सौदा परवडतो. मात्र तयार जेल घ्यावं. उघडी बाटली हवेने जुनी होते आणि तेच जुनं तेल पुरळ उठवतं.

लव्हेंडर आता जम्मूच्या भदरवाहमध्येही पिकतं. उशीवर दोन थेंब टाकून झोप येत असेल तर टाका. औषध म्हणून ते विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्यूझर मात्र दमेकऱ्याच्या खोलीत नको. मांजर असेल तर घरातच नको, तिच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत.

निवड

फक्त मोठी माणसं असलेल्या घराला लवंग तेल आणि हवं तर निलगिरी पुरे. वयात आलेली मुलं असतील तर टी ट्रीचं जेल. पाच वर्षांखालचं मूल असेल तर एकही बाटली नको, मसाल्याचा डबा भागवतो. घेताना काच गडद रंगाची, तोंडाशी थेंब पाडणारी टोपी आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं पाहा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते नुसतं वासाचं. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर त्यात बहुधा साधं तेल मिसळलेलं असतं.

आणि मुलाने तेल प्यायलंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात गेलं तर त्रास जास्त. बाटली हातात घेऊन तसंच दवाखान्यात जा. कोणतं तेल आणि अंदाजे किती, डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.